एक नंबर, म्हणून एकच तारा

माझं अक्षर किरटं आहे आणि कुठली वेलांटी पहिली, कुठली दुसरी हे मला कधीच उमगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यातली तिसरी अर्धी धाकट्या भावाला कडेवर घेण्यात गेली. तेव्हा चुकांबद्दल आधीच माफी मागते. आमच्या गल्लीतल्या बायका दिवाळीला हाताने लिहिलेला अंक काढतात. यंदा त्यांनी 'आमचा धंदा' असा विषय ठेवलाय आणि मला फारच गळ घातलीय. द्यायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. सध्या दुपारची भांडी झाली की डब्यांच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. दिलंच तर सून शुद्ध करून उतरवून देते म्हणालीय.

मिरजेत दवाखान्यांच्या भागात आमची खानावळ आहे. खाली सहा टेबलं आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्यांत आम्ही. आमच्याकडे कुणी हौसेनं जेवायला येत नाही. कुणाची आई दवाखान्यात असते, कुणाचं मूल. माणूस एका डोळ्यानं ताटाकडे बघतो आणि एका डोळ्यानं फोनकडे, वॉर्डातून कधी बोलावणं येईल म्हणून. भाजीत काय होतं हे त्याला नंतर विचाराल तर सांगता यायचं नाही. पण भाकरी गार असली तर मात्र लगेच कळतं. दुःखातल्या माणसाला गार अन्न जात नाही, हे मी या धंद्यात शिकले.

ताटाशिवाय आम्ही पेशंटचे डबे करतो. साधा, मऊ आणि अळणी. मऊ म्हणजे गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण. अळणी म्हणजे बिनमिठाचा. ज्यांना सूज आहे, मूत्रपिंडाचं दुखणं आहे, त्यांना डॉक्टर मीठ बंद करतात. ऐकायला सोपं वाटतं, मीठ घालायचं नाही एवढंच. पण बिनमिठाची आमटी माणसाच्या घशाखाली उतरवणं ही मोठी कसरत आहे. जिरं जरा जास्त भाजायचं, लिंबू पिळायचं, कोथिंबीर सढळ घालायची. आणि सगळ्यांच्या आमटीत मीठ पडायच्या आधी अळणी आमटी लहान पातेल्यात काढून घ्यायची. त्या डब्याच्या कडीला पांढरा दोरा बांधायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. हे सगळं मला येतं. मला येत नाही ते बोलणं. गिऱ्हाईक समोर आलं की माझी मान खाली जाते. "आणखी भात?" एवढेच दोन शब्द मी वर्षानुवर्षं बोलत आले.

पूर्वी ते पुरत होतं. औषधाच्या दुकानातला माणूस किंवा दवाखान्याचा वॉचमन लोकांना सांगायचा, त्या गल्लीत मावशीकडं जा. आता लोक एसटीतून उतरतानाच फोनात बघतात. कोपऱ्यावर काचेचं नवं हॉटेल झालं. फोनात त्याचं नाव पहिलं यायचं, आमचं यायचंच नाही. चाळीस ताटांची पंधरा झाली. गाळ्याचा करार दिवाळीला संपत होता. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, बाजारहाट आणि डबे पोचवणं बघतात. एक दिवस भाजीची पिशवी ठेवून म्हणाले, "दिवाळीपत्तोर बघू. न्हाई जमलं तर गाळा सोडू आनि गावाकडं जाऊ." मी पिशवी आत नेऊन रिकामी केली. पण गावाकडे जाऊन मी कुणासाठी स्वयंपाक करणार होते?

माझी सून सुप्रिया आष्ट्याची. बी.कॉम. झालेली आहे आणि तोंडानं खमकी. मुलगा कारखान्यात पाळीला असतो, त्यामुळे खानावळ आम्हा तिघांवरच. सुप्रियानं आमचं नाव फोनातल्या नकाशावर घातलं. मग म्हणाली, "आत्या, नुसतं नाव घालून भागत न्हाई. जेवून गेलेल्या लोकांनी तारे द्याय पायजेत."

"कसले तारे?"

"एक ते पाच. जेवान कसं हुतं त्याचे मार्क. लय तारे असले की नवीन मानूस येतंय. आता तुमी लोकांस्नी वाढता, तसं लोकांनी तुमाला वाढायचं."

तोंडानं मागून घेणं मला जमण्यातलं नव्हतं. मी म्हटलं, मी पाटी लिहिते. आणि खडूनं फळीवर लिहिलं, 'जेवण आवडल्यास तारे द्यावेत.'

दुसऱ्याच दिवशी जतकडचा एक शेतकरी हात धुता धुता पाटी वाचत थांबला. "मावशी, तारं कशाला पायजेत? कंपाउंड घालताय व्हय?" मी मान हलवली. माझी मान हो म्हणायला हलते की नाही म्हणायला, हे मलाच पुष्कळदा कळत नाही. पुढच्या खेपेला तो खरंच तारेचं एक भेंडोळं घेऊन आला, वर म्हणाला, "बिनकाट्याची हाय. काटेरीचं बगतो नंतर." गच्चीवर आमची धुणी आज त्याच तारेवर वाळतात.

पाटी पुसली. मग सुप्रियानं फोनातून निरोप पाठवायला सुरुवात केली. ज्याचा डबा बंद होईल त्याला दुपारी निरोप जायचा, 'जेवण कसे वाटले? तारे देऊन कळवा.' चार-पाच जणांनी दिले. आम्हाला बरं वाटलं. पण डबा बंद होण्याची कारणं दोन असतात, हे आम्ही दोघीही विसरलो होतो.

कवठ्याकडची एक बाई तीन आठवडे नवऱ्यासाठी मऊ डबा नेत होती. एका सकाळी निरोप आला, आजपासून डबा नको. दुपारी तिच्या फोनवर आमचा निरोप गेला. संध्याकाळी तिचा भाऊ डबा परत करायला आला. डबा घासून, पुसून आणला होता. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बहिनीनं सांगितलंय, जेवान चांगलं हुतं म्हणावं. दाजी सकाळी गेले. तारं तेवढं आज जमायचं न्हाई."

रागानं म्हणाला असता तर मला परवडलं असतं. त्या दिवसापासून मी ते निरोप बंद करायला लावले.

सुप्रिया म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. पन मग तोंडानं इचारा. माझं गल्ल्यावर कोन ऐकत न्हाई. तुमच्या हातचं खाल्लेलं असतंय, तुमाला न्हाई म्हणनार न्हाईत."

मी आधी मालकांवर सराव केला. ते जेवत असताना समोर उभी राहून म्हटलं, "जेवण आवडलं तर फोनात लिहाल का?"

ते म्हणाले, "मी कुठं नको म्हटलंय? चष्मा दे."

पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकाजवळ मी ताकाचा तांब्या घेऊन गेले. "ते... फोनात जरा..." एवढंच बाहेर पडलं. तो म्हणाला, "चार्जर हाय का मावशी? बरं झालं इचारलंत." मी आत जाऊन चार्जर आणून दिला आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेले. सुप्रिया गल्ल्यावर पदरात तोंड खुपसून हसत होती.

हळूहळू जमलं. विचारायची वेळ मला सापडली. ऑपरेशन चालू असताना विचारायचं नाही. रिपोर्ट यायचा असेल तर विचारायचं नाही. हातात डिस्चार्जचा कागद असलेला माणूस शेवटचं जेवायला येतो, त्याचा चेहरा ओळखू येतो. भात मागून घेतो, शेजारच्या टेबलावरच्याशी बोलतो. त्याला विचारायचं. तो नाही म्हणत नाही. "देतो की मावशी, त्यात काय! एक नंबर जेवान हुतं तुमचं." दहा जण तरी मला असं म्हणाले. आयुष्यात इतकं कौतुक एवढ्या थोड्या दिवसांत मी ऐकलं नव्हतं. वर जाताना जिन्यात एकटीच हसायचे.

श्रावण संपता संपता सुप्रियानं फोन माझ्यापुढे धरला. तिचा चेहरा उतरला होता. वीस जणांनी तारे दिले होते आणि आकडा होता दोन पूर्णांक आठ. नऊ जणांनी पाच दिलेले, अकरा जणांनी एक.

"आत्या, चारच्या खाली लोक उघडून बघत सुदिक न्हाईत. आणि आपलं अडीचाच्या घरात."

माझ्या तोंडावर गोड बोलून मागे असं? मालक तर म्हणाले, झालं, आता गावाकडंच. फोनदुरुस्तीच्या दुकानातल्या पोरानं सुप्रियाला सांगितलं होतं की थोडे पैसे द्या, पन्नास जणांचे पाच-पाच तारे घालून देतो. तिनं ते जेवताना काढलं. मी गप्प राहिले, कारण मला मोह झाला होता. मालक म्हणाले, "जेवलंच न्हाई त्याचा ढेकर घेऊन काय करायचं?" आणि तो विषय तिथं संपला.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. आष्ट्याजवळच्या वाडीचे, बायकोला आठवड्याला दोनदा दवाखान्यात आणतात. ती आत असेपर्यंत आमच्याकडे बसतात. अकरांतला एक तारा त्यांचा होता. माझं धाडस झालं नसतं, पण सुप्रिया त्यांच्याच बाजूची, तिनं सरळ विचारलं, "आण्णा, तुमी एकच तारा दिलाय व्हय? आत्यांनी काय वाईट केलं तुमचं?"

आण्णांनी घास खाली ठेवला. "वाईट? एक नंबर जेवान हाय म्हनून एक दिला. मग किती द्यायचा?"

"पाच द्यायचा असतोय."

"पाचवा नंबर? आगं, आमचा नातू वर्गात पाचवा आला तर त्याची आई त्याला दारात उभा करत न्हाई. आनि दोन नंबरचं काय तुमी करत न्हाई, ते सावकार-मटकेवाले करत्यात."

सुप्रियानं फोन उघडून पुन्हा वाचलं. एका ताऱ्याखाली 'एक नंबर'. दुसऱ्याखाली 'लय भारी एक नंबर मावशी'. तिसऱ्याखाली 'मिरजेत जेवायचे तर इथेच, एक नंबर'. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. मालकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बरोबरच हाय की त्यांचं." सुप्रियानं त्याच भरात बसल्या बैठकीला अकराच्या अकरांखाली लिहून टाकलं, 'धन्यवाद! असाच लोभ राहू द्या.'

मग वहीतून नंबर काढून एकेकाला फोन लावले. बोलायचं मी, शेजारी सुप्रिया. पाच जणांनी बदलून दिले. त्या पाचांतल्या आण्णांचा तारा नातवाच्या फोनातून गेलेला. ते पुढच्या खेपेला नातवालाच घेऊन आले, आणि तो पाच दाबेपर्यंत त्याच्या मागे उभे राहिले. एकाचा फोन विहिरीत पडला होता. दोघांना कुठं दाबायचं ते सापडेना. एकानं फोनच उचलला नाही. आणि विट्याकडचे एक म्हातारे काही केल्या ऐकेनात. "मावशी, एकदा दिलेला नंबर एकावरनं पाचावर आणायचा? तुमचा अपमान मला जमायचा न्हाई." हे सगळं होईतोवर भाद्रपद सरला आणि आकडा तीन पूर्णांक आठवर आला.

राहिला अकरावा. त्याच्या ताऱ्याखाली शब्दच नव्हता. वर नाव, 'सुभेदार'.

"हे कोन, आत्या?" सुप्रियानं विचारलं.

मला आठवायला वही बघावी लागली नाही.

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले म्हसवडचे गृहस्थ. आईला मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी मिरजेत आणलं होतं. पंधरा दिवसांचा अळणी डबा, पैसे आधीच पुरे दिलेले. मला म्हणाले होते, "नमक बंद म्हणजे बंद. चिमूटभर न्हाई." मी मान हलवली होती. ती हो म्हणूनच.

सातव्या दिवशी सुप्रिया माहेरी होती. मी लहान पातेल्यात अळणी आमटी काढून ठेवली आणि भाकरी थापायला बसले. दोरा बांधून डबे भरायला मालक. त्यांना भरताना चाखायची सवय. सुभेदार रोजच्यासारखे येऊन आपला डबा घेऊन गेले. मालक बाकीचे पोचवून आले, जेवायला बसले आणि सहज म्हणाले, "आज लहान पातेल्यात मीठ विसरलीस. मी घातलं. बरं झालं चाखलं ते."

मी परातीतून हात काढला. त्या दिवशी अळणी डबा एकच होता. फोन फडताळात होता आणि सुभेदारांचा नंबर वहीत होता. मी उठले, वही उघडली, नंबर बघितला. काय म्हणायचं, कसं सुरू करायचं, ते काय म्हणतील. एव्हाना जेवून झालं असेल. किंवा एक घास खाऊन बाजूला सारलं असेल. मी वही मिटली आणि मालकांना म्हटलं, "बरं केलंत." त्यांनासुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार डबा न्यायला आले नाहीत. दोन दिवसांनी वॉचमननं रिकामा डबा आणून दिला. मी वहीत त्यांच्या नावापुढे 'डिस्चार्ज' लिहिलं. मला ते ठाऊक नव्हतं, मला ते हवं होतं. उरलेल्या दिवसांचे पैसे मागायला कुणी आलं नाही, आणि मी ते कुणाला दिले नाहीत.

हे सगळं मी त्या दिवशी दोघांना सांगितलं. मालकांनी निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाले, "मीठ मी घातलंय. फोन लाव."

मी लावला. नाव सांगितलं. पलीकडून आवाज आला, "वाचलं मी तुमचं धन्यवाद. आन् काय म्हनं, लोभ राहू द्या." आणि फोन ठेवला गेला. म्हातारी कशी आहे, हे विचारायचंही राहिलं. आहे की नाही, हेही.

पुन्हा फोन लावायचा धीर मला झाला नाही. पण जायचा झाला. दाणे-गुळाच्या डब्यांत साठवलेले पैसे माझ्याकडे होते, त्यातून पुऱ्या पंधरा दिवसांचे काढून घेतले. निघताना सुप्रिया म्हणाली, "पैसे द्या, माफी मागा आणि पाच मागून घ्या. ह्यो एक बदलला की बरोबर चार हुत्यात." हिशेब तिचा पक्का होता. चार झाले असते आणि दिवाळीला महिनाच उरला होता.

विट्यात गाडी बदलून आम्ही म्हसवडला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. विचारत विचारत घर सापडलं. लांबून मी आधी अंगण बघितलं. ओट्यावर एक म्हातारी सुपात हुलगे निवडत बसली होती. मी मालकांचा दंड धरून तिच्याकडे बोट दाखवलं.

"कोन गं तू?" म्हातारी म्हणाली.

"मिरजेची. खानावळवाली."

आतून सुभेदार आले. आम्हाला ओळखून दारातच उभे राहिले. "धन्यवाद द्यायला आलाय?"

मालक पुढे झाले. "आमटीत मीठ मी घातलं. हिला ठाव नव्हतं."

"ड्यूटीवर कोन हुतं ते मी इचारत न्हाई. कळल्यावर सांगितलं का न्हाई, ते सांगा. कवा कळलं?"

"तासाभरानं," मी म्हटलं.

"फोन हुता तुमच्याकडं?"

"हुता. नंबर पण हुता. भ्याले मी."

ते दाराबाहेर आले. "दुसऱ्या दिवशी आईचे पाय सुजले. चार दिवस जादा राहायला लागलं. डॉक्टर मला बोलले, बाहेरचं काय खायला दिलंत. मी म्हनलो, अळणीच दिलं, माझ्यासमोर खाल्लं. लबाड ठरलो मी तिथं. पहिल्याच घासाला इचारलं हुतं मी, आई, मीठ लागतंय का? ती न्हाई म्हनली."

म्हातारीनं सूप हलवायचं थांबवलं. "मी 'न्हाई' म्हनले."

"तेच सांगतोय मी."

"'न्हाई' म्हनले, पन लागत हुतं."

सुभेदार वळून बघायला लागले. "आई?"

"मग काय करू? तीन आठवडं जिभंला मीठ न्हाई. त्या दिवशी आमटी तोंडात गेली आन् जीव आला. तुला सांगितलं असतं तर वाटी काढून घेतली असतीस. पुसून खाल्ली मी."

मालक जमिनीकडे बघत होते, त्यांच्या मिशा हलत होत्या. सुभेदार ओट्याच्या कडेवर बसले. "मला फौजेत कुनी फसवलं न्हाई," ते म्हणाले. "घरी येऊन म्हातारीनं फसवलं." मग आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, चहा टाका म्हणून.

चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच फोन काढला. "मी तवा रागात दिलावता. आता किती द्यायचा, बोला."

पाच म्हणायचं होतं. सुप्रियानं चार वेळा घोकून घेतलं होतं. मी म्हातारीच्या पायांकडे बघितलं. घोट्यापाशी अजून जरा फुगीर होते. मी म्हटलं, "एकच राहू द्या. पण खाली का ते लिहा. आमच्याकडं एक दिला की लोक चांगलं समजतात."

"म्हंजे?"

मालकांनी त्यांना आण्णांचं सांगितलं, पाचव्या नंबरचं आणि विट्याच्या म्हाताऱ्यांचंही. सुभेदार हसले. चेहऱ्याला सवय नसावी, असं हसले. मग फोन लांब धरून एका बोटानं लिहीत राहिले, आणि झाल्यावर हजेरी घ्यावी तसं वाचून दाखवलं, "अळणी डब्यात मीठ आले. चूक कळूनही कळवले नाही. नंतर घरी येऊन कबूल केले. डबा घेताना चाखून घ्यावा."

त्या चार वाक्यांनी आम्हाला काय दिलं ते इथंच सांगते. परत आल्यावर मी अळणीची चूल वेगळी केली आणि मालकांना तिकडे यायची बंदी घातली. डबा घ्यायला येणाऱ्या माणसाच्या हातावर आधी चमचाभर आमटी घालते, आणि तो 'अळणी' म्हणाला की मगच झाकण लावते. लोकांनी ती ओळ वाचून फोन करायला सुरुवात केली. "मीठवाली खानावळ तुमचीच का? चाखून देता ना?" आता बावीस डबे जातात, त्यातले चौदा अळणी. आकडा चारवर जायला दिवाळी उलटून संक्रांत आली. पण गाळ्याचा करार आम्ही दिवाळीतच पुढे वाढवला. मी अजूनही तारे मागते. फक्त आता म्हणते, "खरं काय ते लिहा. आणि चांगलं असंल तर उजवीकडचा शेवटचा दाबा." एवढं लांब वाक्य मी एका दमात बोलते.

त्या दिवशी म्हसवडहून निघताना मी पदराची गाठ सोडून पैसे ओट्यावर ठेवले.

सुभेदारांनी बघूनच ओळखलं की जास्त आहेत. "आठ दिवसांचं राहिलं हुतं. हे पंधराचं दिसतंय. खाल्लेल्याचं पैसे मी परत घेत न्हाई."

"घ्या ना," मी म्हटलं. "अळणी म्हणून घेतले होते. एक दिवस अळणी नव्हता. मग बाकीचे सहा तरी अळणी होते का, हे तुम्ही कशावरून मानायचं? मला सांगता येईल, पण मी एकदा गप्प राहिलेली बाई आहे."

इतकं मी परक्या पुरुषासमोर कधी बोलले नव्हते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "मला नका इचारू. मी मीठ घालनारा."

"सातव्या दिवसाचं नको घेऊ रं," म्हातारी सुपातून मान वर न करता म्हणाली. "ते वसूल झालंय."

"आई, तू गप."

"गप कशापाय? मी खाल्लंय, मला इचार."

"त्याच दिवसाचे आधी घ्या," मी म्हातारीला म्हटलं. "बाकीचे नंतर."

सुभेदार उभे राहिले. नोटा उचलल्या, अंगठा ओला करून एकदा मोजल्या, मग उलट्या करून पुन्हा मोजल्या आणि आईच्या पुढे सुपात ठेवल्या. म्हातारीनं त्यांवरचे हुलगे झटकले, घडी घातली आणि कमरेला खोचली.

"पुरे मिळाले," ते म्हणाले.